निसण्यावरच्या रेघा

पटाशीची पाठ सपाट हवी, हे सुतारकामात पहिल्याच आठवड्यात कळतं. ती ज्या दगडावर घासायची तो तरी सपाट आहे का, हे बघायचं मला कित्येक वर्षं सुचलं नाही.

सागाच्या चौकटीचं कुसू तोंडाशी सहज जायचं आणि तळाशी अडायचं. खाचेची भिंत मी पटाशीची पाठ टेकवूनच तासत होतो, तरी ती खाली जाताना आत झुकायची. आधी लाकडाला दोष दिला, मग माझ्या मनगटाला. एका संध्याकाळी निसण्यावर स्टीलची पट्टी उभी धरली, मागे बॅटरी लावली. पट्टीखालून उजेड आला.

खोलगट दगडावर घासलेलं लोखंड फुगीरच होणार. पाठ धारेपाशी केसभर वर उचलली जाते आणि तासताना पटाशी भिंत सोडून चढते. जाड रंध्याच्या पात्याला तेवढी गोलाई चालते, उपयोगीही पडते. पटाशीला मुळीच नाही.

दगड सपाट करायला आधी सपाट बैठक हवी. ओट्याचा कडप्पा घेऊन पाहिला. चकाकी होती, पातळी नव्हती. मग १० मिलिमीटर जाडीची काच आणली. ही काच वितळलेल्या कथलावर तरंगत पसरते, म्हणून इतकी समतल. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ साली जाहीर केली. काचेवर पाणी शिंपडायचं आणि २२० नंबरचा वॉटर पेपर अंथरायचा. तो पाण्यानेच धरून बसतो.

या कागदावरचे काळे कण सिलिकॉन कार्बाइडचे. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९१ साली ते भट्टीत तयार केले आणि नाव ठेवलं कार्बोरंडम. त्यातला ‘कोरंडम’ तमिळ कुरुंदमवरून गेलेला, म्हणजे आपला कुरुंदच. इतका फेरा करून तो शब्द माझ्या काचेवर येतो, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

माझे दगड पाण्याचे, १००० आणि ६००० नंबरचे. मऊ असल्यामुळे ते भराभर कापतात आणि तितकेच भराभर झिजतात. दगडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि ओल्या कागदावर फिरवायचा. मधूनमधून टोकं बदलायची, नाहीतर पुढची कड जास्त खाल्ली जाते. गाळ साचला की कागद धुवायचा. बारीक दगडाला मी ४०० नंबरचाच कागद लावतो आणि नंतर दगड वाहत्या पाण्याखाली चोळून धुतो. खरखरीत कागदाचा एखादा कण त्यात रुतून राहिला, तर पुढे प्रत्येक धारेवर ओरखडा उमटतो. शेवटी कडा किंचित मारायच्या, म्हणजे टवका उडत नाही.

रेघा उंचवट्यावर आधी पुसल्या जातात, खड्ड्यात उरतात. पहिल्यांदा घासलं तेव्हा शेवटची रेघ मध्यावर उरेल असं मी धरून चाललो होतो. ती उरली उजव्या हाताला, माझ्या जवळच्या टोकापाशी. दोन सुताची पटाशी मी तिथेच, एकाच पट्ट्यात, सगळा भार देऊन घासत आलो होतो. अर्धा दगड जवळजवळ कोराच होता.

ती रेघ पुसायला पाऊण तास लागला. आता पटाशी हातात आली, की मी आधी दगडाच्या डाव्या कोपऱ्याकडे वळतो.