निफाडची थंडी आणि घरांतील मत्स्यपेटी

निफाड तालुक्याच्या थंडीची ख्याति आतां महाराष्ट्रभर झाली आहे. पौषाच्या सुमारास वृत्तपत्रांत नीचांकी तापमानाचा आंकडा छापून आला, कीं त्याच्या शेजारीं बहुधा निफाडचें नांव असतेंच. २०१८ सालच्या डिसेंबरअखेरीस तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांतील पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा तालुक्यांत, विंचुरासारख्या गांवीं, कांचेच्या पेटींत उष्ण प्रदेशांतील मासे पाळावयाचे, ही गोष्ट वरकरणीं निव्वळ हौसेची वाटते. परंतु हिंवाळ्याच्या चार रात्री त्या माशांच्या सोबतीनें काढल्या, म्हणजे ती हौस न राहतां कर्तव्य होऊन बसतें. आमच्या घरीं तें कसें घडलें, आणि त्या निमित्तानें पाण्याच्या उष्णतेविषयीं आम्हांस काय शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

आमचें कुटुंब चौदा माणसांचें. थोरल्या बंधूंच्या धाकट्या चिरंजिवाची मुंज झाली, तेव्हां त्याच्या मामांनीं पुण्याहून ही पेटी भेट म्हणून आणली. लांबी दोन फूट, रुंदी एक फूट, उंची सव्वा फूट. आंत साठ लिटर पाणी आणि बारा निऑन टेट्रा. बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा, अंगावर निळी झळाळती रेघ आणि शेपटीकडे तांबडा पट्टा. मातोश्रींनीं पेटीकडे पाहिलें आणि त्या एवढेंच म्हणाल्या, "आपल्या घरांत मासे आले ते जिवंत आले. ते जिवंतच राहिले पाहिजेत." ज्या घराच्या चुलीवर मासा कधीं चढला नाहीं, त्या घरांत तो मेलेला काढावा लागणें त्यांना अशुभ वाटत होतें. पुढें बटूनें शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा आमच्याकडून ऐकली. त्या कथेंतील इवलासा मासा मनूच्या ओंजळींत येतो आणि 'माझें रक्षण कर' अशी याचना करतो; मनु त्याला आधीं घटांत, मग खड्ड्यांत आणि शेवटीं समुद्रांत नेऊन सोडतो. ही कथा ऐकल्यापासून पेटींतील माशांचें पालकत्व त्यानें फार गांभीर्यानें घेतलें.

माशाचें शरीर आपल्या शरीरासारखें स्वतःची ऊब राखणारें नसतें. थंडी पडली तर आपण गोधडी ओढून घेतों, चार घांस अधिक खातों, आणि आपलें रक्त सदतीस अंशांवर कायम राहतें. माशाला यांपैकीं कांहींच साधत नाहीं. भोंवतालचें पाणी जितकें उबदार, तितकेंच त्याचें रक्त उबदार. पाणी थंडावलें कीं त्याचें पचन मंदावतें, हालचाल मंदावते आणि रोगाशीं झगडण्याची शक्तिही ओसरते. अंगावर पांढरे ठिपके उठणारा जो रोग मासे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे, तो अशा गारठलेल्या माशांवर लौकर हल्ला करतो. निऑन टेट्राचें मूळ घर अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यांत. तेथें ऋतु बदलला तरी पाण्याची ऊब फारशी बदलत नाहीं. त्याच्यासाठीं पाणी चोवीस-पंचवीस अंशांच्या सुमारास असावें. आणि नेमक्या आंकड्यापेक्षांही तें स्थिर असावें, हें अधिक महत्त्वाचें. एक-दोन अंशांचा सावकाश झालेला फरक तो सोसतो. एका रात्रींतील पांच-सहा अंशांची घसरण मात्र त्याला फार जाचते.

आणि विंचुरास नेमकी तीच घसरण होते. दख्खनच्या पठारावरील हवा हिंवाळ्यांत कोरडी असते, आकाश निरभ्र असतें. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते. दुपारीं अंगांतला सदरा नकोसा होतो आणि पहाटे तोंडांतून वाफ निघते. सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या काळच्या वाड्यांना हात-हात जाडीच्या भिंती असत. अशी भिंत दिवसाची ऊब रात्रीं हळूहळू परत देई. आमचें आजचें घर सिमेंटच्या छपराचें आणि पातळ भिंतींचें. तें बाहेरच्या हवेबरोबरच थंड होतें. नदी मोठी असते म्हणून एका रात्रींत निवत नाहीं. साठ लिटर पाण्याला ती सोय नाहीं. कार्तिकांतच आम्हीं प्रयोग म्हणून केवळ पाणी भरलेली पेटी रात्रभर ठेवून पाहिली होती. खोली सोळा अंशांवर होती. रात्रीं सव्वीस अंशांचें पाणी सकाळीं साडेवीस अंशांवर आलें. मासे त्यानंतरच पेटींत सोडले, आणि त्याआधीं हीटर बसविला.

हीटर म्हणजे कांचेच्या नळींत बंद केलेली तापणारी तार. त्यांतील खुबी तापनियामकांत असते. आमच्या हीटरांत दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी आहे. उष्णतेनें एक धातु अधिक पसरतो, दुसरा कमी. पट्टी वांकते आणि विजेचा मार्ग तोडते. पाणी निवलें कीं पट्टी सरळ होते आणि मार्ग पुन्हां जुळतो. कपड्यांच्या इस्त्रींतही हेंच तत्त्व असतें. शक्ति किती घ्यावी, याचा हिशेब बटूनें पाटीवर मांडला. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास सुमारें ४२०० ज्यूल लागतात. साठ लिटरांस अडीच लाख. शंभर वॅटचा हीटर सेकंदाला शंभर ज्यूल देतो, म्हणजे एका अंशास बेचाळीस मिनिटें. आणि दरम्यान पेटी जी उष्णता गमावते तिच्यामुळें प्रत्यक्षांत त्याहून अधिक. लिटरमागें एक वॅट हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आमच्या गांवची थंडी पाहतां साठ लिटरांस शंभर वॅट योग्य ठरले.

खर्चाचा प्रश्न थोरल्या बंधूंनीं काढला, आणि तो रास्तच होता. शंभर वॅटचा हीटर रोज एकंदर आठ तास चालू राहिला, तर पाऊण युनिटाहून थोडें अधिक, महिन्याला चोवीस युनिटें. त्यावर वहिनींनीं उपाय काढला: पेटीखालीं आणि मागच्या बाजूस थर्मोकोलचें पान, वर कांचेचें झांकण. झांकणानें बाष्पीभवन थांबतें, आणि पेटीची पुष्कळशी उष्णता वाफेच्या वाटेनेंच जाते. हीटरची चालू-बंद होणारी तांबडी दिवी त्यानंतर कमी वेळ पेटूं लागली, हें सर्वांच्या ध्यानांत आलें.

ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. हीटर पाण्याच्या वाहत्या धारेजवळ बसवावा आणि तापमापक पेटीच्या दुसऱ्या टोकास लावावा, म्हणजे सर्व पाण्याची खरी स्थिति कळते. पाणी बदलतांना वीज आधीं बंद करावी, आणि नळी निवल्यावरच हीटर उघडा पडूं द्यावा. तापलेली कांच हवेंत येऊन पुन्हां गार पाण्याला भिडली तर तडकते. पेटींत हात घालण्यापूर्वीं खटका बंद करण्याचा नियम लहानांसही पाळावयास लावावा आणि घराच्या वीजमंडळांत गळती ओळखणारा खटका असावा. चौथी गोष्ट जुन्या घरांची आहे. न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबाचें ऊन पाणी पेटींत ओतूं नये. तांब्याचा जो अंश पाण्यांत उतरतो तो आपणांस बाधत नसला, तरी माशांस घातक होऊं शकतो. पाणी स्टीलच्या पातेल्यांत तापवावें आणि पेटींतील पाण्याशीं मिळतें करूनच घालावें.

हीटरवर सर्वस्वीं विसंबणेंही बरें नव्हे. जोडपट्टी चिकटली तर वीज तुटत नाहीं आणि पाणी तापतच राहतें. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मावतो: वीस अंशांस लिटरमध्यें सुमारें नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांस साडेसात. म्हणून मोठ्या पेटींत एका मोठ्या हीटरऐवजीं दोन लहान हीटर बसविण्याची जाणत्यांची पद्धत आहे. एक बिघडला तर तो एकटा पेटी उकळवूं शकत नाहीं, आणि एक बंद पडला तर दुसरा निदान जीव वांचवितो.

या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा पौषांतील एका रात्रीं झाली. साडेअकराच्या सुमारास वीज गेली. खोलीचें तापमान चौदा अंशांवर आलें होतें. पेटीभोंवतीं गोधड्या गुंडाळल्या, वर हवेपुरती फट ठेवली, हवेचा पंप विजेरीवर लावला. अडीच वाजतां पारा पंचवीसावरून साडेतेवीसांवर होता, म्हणजे तासाला अर्धा अंश जात होता. आतां हिशेब कामास आला. स्टीलच्या एक लिटरच्या बाटलींत साठ अंशांचें पाणी भरून, बूच घट्ट लावून ती पेटींत तरंगत सोडली, तर साठ लिटर पाणी अर्ध्या अंशाहून किंचित् अधिक चढतें. म्हणजे तासाला एक बाटली पुरे होती. गॅसवर पातेलें चढलें. बटु तापमापक वाची, वहिनी बाटली भरीत, आणि ज्या मातोश्रींना या माशांचें आगमन पसंत नव्हतें त्या शाल पांघरून पेटीशीं बसून राहिल्या. खिडकींतून पाहिलें तर दूरच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या होत्या. तिकडेही माणसें जागीं होतीं. मण्यांना तडे जाऊं नयेत म्हणून धूर करीत होतीं, पहाटे विहिरीचें उबदार पाणी वेलींना देत होतीं. त्यांच्या वर्षभराच्या कष्टांपुढें आमचे बारा मासे ते किती! तरी त्या रात्रीं दोन्हीकडे काम एकाच जातीचें चाललें होतें.

साडेपांचला वीज आली. साडेसातापर्यंत पाणी पूर्ववत् झालें. अंधारांत हे मासे नेहमींच फिके पडतात, म्हणून दिवा लावल्यावर आम्हीं श्वास रोखून पाहिलें. अर्ध्या तासांत एकेकाच्या अंगावरची निळी रेघ उजळली. बटूनें दोनदां मोजले. बारा होते.

सकाळीं चहाच्या वेळीं खरा वाद झाला. मातोश्रींनीं विचारलें, "मुक्या जिवांना परक्या मुलखांत आणून कोंडावयाचें आणि विजेच्या भरंवशावर जगवावयाचें, यांत धर्म कोणता?" थोरल्या बंधूंचें म्हणणें, मासे परत देऊन टाकावे. बटु रडकुंडीस आला. आम्हांस मातोश्रींचा प्रश्न खरा वाटला. मात्र बंधूंचें उत्तर पटलें नाहीं. परत दिल्यानें मासे अमेझॉनला जात नाहींत. दुसऱ्या पेटींत जातात, आणि तेथें रात्रीं कोणी जागेल याची हमी कोण देणार? आमच्याच तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळींत, जिला २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली, हिंवाळ्यांत उत्तरेकडून हजारों पक्षी येतात. ते निफाडची थंडी स्वतः निवडून येतात आणि ऊन वाढलें कीं उडून जातात. आमच्या माशांनीं कांहींच निवडलेलें नाहीं. जेथें निवड आपली, तेथें भारही आपलाच.

शेवटीं असें ठरलें: हे बारा मासे आपलें आयुष्य येथेंच सुखानें काढतील आणि त्यांच्या उबेचा खर्च घरखर्चांतून जाईल. पुढें पेटी रिकामी झाली, तर उष्ण नद्यांतील मासे पुन्हां आणावयाचे नाहींत. आणावयाचेच झाले, तर झेब्रा डॅनिओसारखे आपल्या देशांतील ओढ्यानद्यांत राहणारे, थोडा गारवा सोसणारे आणावे. मातोश्रींनीं एक अट घातली: बटु शिक्षणासाठीं बाहेरगांवीं जाईल तेव्हां पेटीचें काम कोणाकडे, हें आजच ठरावें. तें आमच्याकडे आलें आहे.

मुलांना भेट देतांना आपण वस्तूची किंमत पाहतों, तिच्या पाठोपाठ येणारीं वर्षें पाहत नाहीं. जिवंत भेट देणाऱ्यांनीं हा विचार आधीं करावा, आणि घेणाऱ्या घरानें तर अवश्य करावा. ऊब देणें ही एका रात्रीची गोष्ट नव्हे. ती रोज, न चुकतां, सारख्या मापानें द्यावी लागते. माशांच्या बाबतींत तें काम पुष्कळसें यंत्र करतें. यंत्र थांबेल त्या रात्रीं घरांतील कोणीतरी जागें असावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.