शीड आणि मोटेचा नाडा

आमच्या हिंगोलीत पाणी म्हणजे सिद्धेश्वर धरण. शिडाची रेसिंग बोट पाहिली ती सुट्टीत, मुंबईला. तिथल्याच समुद्रात १९८२ च्या आशियाई स्पर्धेत तारापोर-करंजिया जोडीने फायरबॉल बोटीत सुवर्ण जिंकलं होतं!

शीड चढवायचा दोर क्लीटच्या दोन दातेरी जबड्यांत अडकतो. जितका ताण, तितकी पकड. दात झिजले की दोर सरकतो, शीड ढिलं, बोट मागे. क्लबवाल्यांनी नवा दोर आणला. तरी सरकायचाच. आजोबांना फोनवर सांगावं तर माझ्या कॉन्व्हेंटी मराठीत क्लीटला शब्दच नाही. पण त्यांनी मोट हाकलेली. म्हणाले, "नाडा नवा, अन् धरणारंच झिजलं, तं काय उपेग?"

मग क्लीटच बदलले. स्क्रूची जुनी भोकं सैल झालेली. इपॉक्सीने भरून, रात्रभर सुकवून पुन्हा ड्रिल केली. दोघांनी जीव खाऊन दोर ओढला. हलला नाही.