मिस झालं की चुकलं?

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी सहाला इंदूरहून आईचा फोन आला. इतक्या लवकर ती कधी फोन करत नाही, म्हणून मी धसकूनच उचलला.

“अगं, कोण हरवलंय?” तिचा आवाज कापत होता.

मला काही कळेना. हळूहळू उलगडा झाला. माझी लेक पुण्याला शिकते. तिने रात्री उशिरा आजीला व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला होता, ‘मिसिंग यू आजी’. आईला इंग्रजी अक्षरं लागतात, पण शब्द मोजकेच ठाऊक. ‘मिसिंग’ तिला वर्तमानपत्रातून माहीत होता. फोटो छापलेला असतो, वर ‘मिसिंग’ लिहिलेलं असतं आणि खाली घरच्यांचा फोन नंबर. पहाटे तो शब्द दिसला आणि तिच्या पोटात गोळाच आला.

मी हसत सुटले. म्हटलं, “आई, कुणी हरवलं नाही गं. तिला तुझी आठवण येतेय.”

“मग तसं लिहायचं की! आठवण काय महाग झालीय का?” असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी बडोद्यात एका शाळेत इंग्रजी शिकवते. मुलं मला ‘मिस’च म्हणतात. त्या ‘मिस’चा या क्रियापदाशी काही संबंध नाही बरं का, ती ‘मिस्ट्रेस’वरून आली. पण हे क्रियापद वर्गात रोज भेटतं. वही आणली नाही की मुलं हमखास म्हणतात, “मिस, आय मिस्ड टू डू माय होमवर्क.” मी सांगते, बाळांनो, ‘मिस’नंतर ‘टू’ येत नाही. विसरलात तर ‘फरगॉट’ म्हणा. ‘मिस’नंतर क्रियापद घ्यायचंच असेल तर त्याला ‘इंग’ लावा. एकदा एका हुशार मुलाने लगेच चूक सुधारली, “आय मिस डुइंग माय होमवर्क!” म्हणजे काय, तर गृहपाठ करायला मिळत नाही म्हणून याला चैन पडत नाही. त्या दिवशी पुढचा धडा काही झाला नाही.

हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे. मूळ अर्थ नेम चुकणं, हवी ती गोष्ट हाताला न लागणं. ‘मिस्टेक’मधलं ‘मिस’ याच घराण्यातलं. त्यातूनच पुढे, एखादी गोष्ट जागेवर नाही हे जाणवणं आणि मग तिच्यासाठी जीव कासावीस होणं, हे अर्थ आले. त्यामुळे आज इंग्रजीत बसही मिस होते, झेलही मिस होतो आणि माणूसही.

आपल्याकडे या शेवटच्या अर्थासाठी किती शब्द आहेत पाहा. आठवण येते, करमत नाही, हुरहुर लागते, माहेरची ओढ वाटते, उणीव भासते. प्रत्येकाची जागा वेगळी. होस्टेलवर पहिल्या आठवड्यात करमत नाही. सण जवळ आला की घराची ओढ लागते. लेकीच्या पिढीने या सगळ्यांच्या जागी एक ‘मिस यू’ बसवलं. ती आजीला मिस करते, सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसालाही मिस करते आणि बंद पडलेल्या एखाद्या सिरियललाही. मी तिला नावं ठेवत नाही, मीसुद्धा तेच बोलते. मेसेजमध्ये ‘तुझी आठवण येते’ लिहायला उगाच संकोच वाटतो, ‘मिस यू’ अंगठ्याने सहज लिहून होतं.

पण आईच्या त्या फोननंतर मला या शब्दाचा दुसरा उपयोग टोचायला लागला. तो म्हणजे ‘मिस झालं’.

बाबांना मिस्ड कॉलचं भारी कौतुक होतं. फोन उचलला नाही तर पैसे पडत नाहीत हे कळल्यापासून त्यांनी एक नियमच घातला. रात्री नऊला इंदूरहून एक रिंग, म्हणजे ‘आम्ही ठीक आहोत’. मग मी इकडून एक रिंग द्यायची, म्हणजे ‘आम्हीही’. पुढे बोलणं जवळजवळ फुकट झालं तरी नियम सुटला नाही. मी म्हणायचे, “बाबा, आता बोलायला पैसे लागत नाहीत.” ते म्हणायचे, “बोलायचं असेल तेव्हा फोन करीन. ही हजेरी आहे.”

लेक दहावीत होती त्या वर्षी आम्ही दिवाळीला इंदूरला गेलो नाही. क्लासवाल्यांनी सुट्टीतही जादा तास ठेवले होते. मी बाबांना सांगितलं, “या वेळी दिवाळी मिस होणार.” ते म्हणाले, “असू दे, अभ्यास महत्त्वाचा.” खरं सांगायचं तर दोन दिवस जाऊन येता आलं असतं. रात्री बडोद्याहून अवंतिका एक्सप्रेस पकडली की सकाळी इंदूर. पण तिकीट काढा, आवराआवर करा, याचा मलाच कंटाळा आला होता. जानेवारीत बाबा गेले. झोपेतच गेले. आदल्या रात्री नऊची रिंग आली होती. मी स्वयंपाकघरात होते आणि उलट रिंग द्यायची राहून गेली.

नंतर भेटायला आलेल्यांना मी सांगत राहिले, “शेवटची दिवाळी मिस झाली हो. शेवटचा कॉलही मिस झाला.” ऐकणारे हळहळायचे. माझीही समजूत पटायची. जणू दिवाळी आपणहूनच घसरून पडली आणि मी बाजूला उभी राहून नुसती बघत होते.

खरी गंमत अशी, की इंग्रजी माणूस हे असं बोलत नाही. तो म्हणतो, ‘आय मिस्ड इट’. वाक्यात ‘मी’ सगळ्यात पुढे. त्यांच्याकडून क्रियापद आपण घेतलं, पण ‘मी’ तिथेच ठेवून आलो. ‘वाढदिवस मिस झाला’, ‘तुझा फोन मिस झाला’ या वाक्यांत करणारं कुणी नाहीच. मराठीत खरं बोलायचं झालं असतं तर दोनच शब्द पुरले असते, ‘माझं चुकलं’. ते जड जातात, म्हणून मी ‘मिस झालं’च्या आड लपले.

बाबांना जाऊन महिना झाला होता. मी फोनवर आईला म्हटलं, “मी बाबांना फार मिस करते गं.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला तर नुसतं चुकल्यासारखं होतंय. रोज सकाळी दोन कप चहा टाकते. आधण उकळायला लागलं की लक्षात येतं.”

तेव्हा ते वाक्य मी फक्त ऐकलं. परवाच्या ‘मिसिंग’नंतर ते पुन्हा आठवलं आणि भाषेची शिक्षिका असून मी थक्क झाले. चुकल्याचुकल्यासारखं होणं! नेम चुकतो, वाट चुकते, बस चुकते, गणित चुकतं आणि माणूस नसलं की चुकल्यासारखं होतं. इंग्रजीने ‘मिस’मध्ये जे एकत्र बांधलं, तेच आपण ‘चुकणं’मध्ये बांधलं आहे. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, पण हाताला सवयीचं माणूस सापडलं नाही की हिशेब चुकतो, हे दोघींनाही कळलं. आईचा चहाचा हिशेब रोज एका कपाने चुकत होता.

म्हणून माझ्या लेकीला आणि तिच्या वयाच्या वाचकांना एवढंच सांगते. ‘मिस यू’ खुशाल लिहा, तो वाईट शब्द नाही. पण आजीला लिहाल तेव्हा ‘तुझी आठवण येते’ लिहा, नाहीतर ती पहाटे सहाला हरवलेलं माणूस शोधत बसेल. आणि एखाद्याचा फोन घ्यायचा राहिला, घरचं कार्य टाळलं, तर ‘मिस झालं’ म्हणण्याआधी स्वतःला एकदा विचारा, ते मिस झालं की माझं चुकलं? चुकलं असेल तर तसं सांगा, समोरचं माणूस ऐकायला आहे तोवर.

गेल्या महिन्यात मी आईला सांगितलं, त्या दिवाळीला यायला हवं होतं, माझं चुकलं. ती म्हणाली, “बरं. मग या वर्षी धनत्रयोदशीच्या आधी ये. चकल्या एकटीने होत नाहीत आता.”

तिकिटं काढली आहेत. लेक पुण्याहून परस्पर येणार आहे. आणि रात्री नऊला हल्ली मी इंदूरला एक रिंग देते. आईला हजेरीचा नियम काही मान्य नाही, ती प्रत्येक वेळी फोन उचलते आणि मग आम्ही अर्धा तास बोलतो.