पाने तीनच

कुठेही जा, पळसाला पाने तीनच. मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला जायचं म्हटल्यावर आई फोनवर एवढं म्हणाली आणि लगेच धाकट्याच्या दाढा आल्या का ते विचारू लागली. तिच्या बोलण्यात विरोध नव्हता, टोमणाही नव्हता. तरी आठ दिवस झाले, ते वाक्य माझ्या मागे लागलं आहे.

आमचं गाव वर्ध्याकडचं, त्यामुळे पळस मला घरच्यासारखा. आजी पत्रावळी टाचायची तेव्हा पानं पुसून तिच्या हातात द्यायचं काम माझं. मधलं पान मोठं, देठाकडे निमुळतं होत गेलेलं. बाजूची दोन लहान आणि जरा तिरपी, एक अर्धं रुंद तर एक अरुंद. आजी मधली पानं वेगळी काढून ठेवायची. तिन्ही सारखी असती तर तिने निवड कशाला केली असती? पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी सांगितलं की पळसाचं पान मुळात एकच. आपण ज्यांना तीन पानं म्हणतो त्या एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका. त्या दिवशी मला म्हणीबद्दल वाईट वाटलं होतं. इतक्या पिढ्यांनी विश्वासाने मोजलं आणि मोजणीच चुकली. आता वाटतं, म्हण मोजणीसाठी नव्हतीच. नव्या गावी जाऊन जास्तीची आशा धरणाऱ्याला ती सांभाळून घेत असावी.

मी कसली आशा धरते आहे? मोठी पाच वर्षांची, धाकटा दोनाला टेकलेला. मोठीला थोडंफार आठवेल, धाकट्याला काहीच नाही. तीन वर्षांच्या आधीचं माणसाला सहसा आठवत नाही. पण आजीला पानं पुसून देणारी मी, ती तरी मला खरंच आठवते का? की आईने पुन्हा पुन्हा सांगून ती माझी करून टाकली? तसं असेल तर धाकट्याचा प्रवासही मला सांगत राहावा लागेल, तो त्याचा होईपर्यंत.

त्याचा पासपोर्टचा फोटो काढला तो दिवस आठवतो. स्टुडिओतल्या दादांनी जमिनीवर पांढरी चादर अंथरली, त्यावर याला निजवला. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं. मी किल्ल्या वाजवत होते आणि तो तोंडाचा चंबू करून किल्ल्यांकडे बघत होता. पासपोर्ट पाच वर्षं चालेल. शाळेत जाणारा, दुधाचे दात पडलेला मुलगा खिडकीपाशी उभा राहील आणि अधिकारी या चंबूशी त्याचा चेहरा ताडून पाहतील.

जायचं आहे चिआंग माईला, थायलंडच्या उत्तरेला. डोंगरावरचं देऊळ, लाल सोंगथ्यू गाड्या, मुलांना झेपेल असा मऊ चिकट भात आणि आंबा. घड्याळ फक्त दीड तास पुढे, म्हणजे झोपेच्या वेळाही फार बिघडणार नाहीत. हे सगळं वाचता वाचता कळलं की त्या प्रांताचं मानाचं झाड पळस आहे. तिथे त्याला थोंग क्वाओ म्हणतात. पडद्यावर त्या झाडाचा फोटो मी कितीतरी वेळ मोठा करून पाहिला. मधलं पान मोठं, बाजूची दोन तिरपी.

फेब्रुवारीत तो तिथेही फुललेला असतो. पण त्याच सुमारास शेतं आणि रानं जाळली जातात, खोऱ्यात धूर साचू लागतो, आणि मोठीला सर्दी झाली की छाती वाजते. जानेवारीत हवा बरी असते. झाड तेव्हा फुललेलं असेल की नाही कोण जाणे. शिवाय धाकट्याचा दुसरा वाढदिवस फेब्रुवारीत. तेव्हा गेलो तर जाताना तो माझ्या मांडीवर असेल आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यामुळे येताना त्याला स्वतःची खुर्ची लागेल. तिकिटाचा खर्च वाढतो म्हणून यांना जानेवारी बरा वाटतो. मला मात्र ती परतीची खुर्ची सारखी दिसते. पट्टा लावलेला तो, शेजारी मी, आणि माझी मांडी पहिल्यांदा रिकामी.

हे सगळं आईला अजून सांगितलेलं नाही. तिकडेही पळस आहे म्हटलं, तर ती म्हणेल, मग एवढ्या लांब कशाला? किंवा म्हणेल, मग जाऊन बघून या गं. दोन्ही तिच्याच तोंडी शोभतं. काल रात्री दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तिकिटाच्या पानावर महिन्याची जागा अजून कोरी आहे.