फलकावर नसलेली पवळा

हिवरगाव पावसा हे नाव आता पुणे-नाशिक महामार्गावरच्या गाडीवाल्यांना टोलनाक्यामुळे ठाऊक असतं. शंभर वर्षांपूर्वी ते मुंबईच्या गिरणी कामगाराला ठाऊक होतं. पैसे तोही मोजायचा, पण फॉकलंड रोडवर, तमाशाच्या तिकीट खिडकीवर आणि हौसेनं.

हा फॉकलंड रोड आणि शेजारचा ग्रँट रोड म्हणजे मुंबईची जुनी करमणुकीची पेठ. ग्रँट रोडला १८४६ साली नाटकगृह उभं राहिलं. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून आपली मंडळी तिथे आणली. मागोमाग पारशी कंपन्या आल्या, नाटकगृहं वाढली, आणि ‘प्लेहाऊस’वरून सगळ्या भागालाच लोक पिला हाऊस म्हणू लागले. पुढे अल्फ्रेड, गुलशन, रॉयल, निशात या नावांनी सिनेमाही तिथेच नांदला. नाटकवाल्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिलाय. मला ओढ आहे ती तिथल्या ढोलकीची.

गिरणीत कामाला आलेला घाटावरचा माणूस बायकापोरं गावी ठेवून गाळ्यात दहाजणांत झोपायचा. त्याला गावची जत्रा हवी होती. गावात तमाशा वर्षातून एकदा, उघड्या आभाळाखाली, सुपारी देऊन आणलेला. इथे डोक्यावर छप्पर, हातात तिकीट आणि खेळ रोजचा. म्हणजे फडालाही रोज काहीतरी नवं हवं: नवी लावणी, नवा वग. ही भूक भागवायला रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, पुरून उरले. दोन लाख लावण्या रचल्याचं ते स्वतःच सांगत. शाहिरानं थोडं वाढवून सांगावं. ते त्याला शोभतं.

पण ती लावणी अंगावर घेणारी होती संगमनेर तालुक्यातल्या याच हिवरगावची पवळाबाई तबाजी भालेराव. जन्म १८७०चा, महार घरातला. त्याआधी फडात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा; तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाचं नाव घेतात. लोकांनी तिला ‘नामचंद’ केलं. गणानंतर गवळण सुरू झाली की मावशीच्या थट्टेला ठसक्यात उत्तर देणारी खरीखुरी बाई समोर उभी, हा धक्का आज कल्पनेनंच ओळखायचा. तिचा आवाज, तिची अदा आपल्यापर्यंत पोचलेली नाही. बापूरावांचे शब्द छापले गेले म्हणून उरले. पवळाची कला अंगात होती, ती अंगाबरोबर गेली.

कुलकर्ण्यानं कुळ सोडून तमाशा धरला, याची महाराष्ट्राला कोण अपूर्वाई! त्यावर कथा झाल्या, १९५० साली सिनेमाही आला. पवळानं काय सोडलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. बापूरावांना जात सोडता आली. तिला ती चिकटलेलीच होती. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी खेळाचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, असं सांगतात. आपल्या समाजातल्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा नको, असं त्यांचं म्हणणं. मला तो नकार पटतो. तरी वाटतं, तो पैसा पवळानंही घाम गाळून कमावलेला होता.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याचं तमाशाशी नातं असंच अवघडलेलं. संगमनेरच्याच अनंत फंदींना अहिल्याबाई होळकरांनी कानपिचक्या दिल्या आणि फंदी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचं नाव आहे आणि जामखेडला कलाकेंद्रांत चाळ वाजतातच.

पवळा १९३९ साली गेली, बापूराव १९४५ साली. स्वातंत्र्यानंतर खेर सरकारनं तमाशावर बंदी घातली. ती उठली, पण संहिता आधी तपासून घ्यायची अट घालूनच. गिरण्या थंडावल्या तसा पिला हाऊसचा प्रेक्षकही पांगला.

फॉकलंड साहेब १८४८ ते १८५३ मुंबईचे गव्हर्नर होते, एवढ्यावर त्यांचं नाव रस्त्याला लागलं. ते काढून तिथे पठ्ठे बापूराव मार्ग झाला, हे उत्तमच झालं. पण लोक तिकीट काढत ते दोघांसाठी, आणि मान मिळाला एकाला. महापालिकेनं त्या फलकावर हिवरगावच्या पवळाबाईचंही नाव लिहावं.