वसईच्या कोटातील जीर्णोद्धार

वसईचा विजय हा महाराष्ट्रातील शाळामास्तरांचा आवडता पाठ होय. जव्हार तालुक्यातील वावर या गावी आम्ही तो कित्येक वर्षे शिकविला. इ. स. १७३९ च्या फेब्रुवारीत पडलेला वेढा, चिमाजीअप्पांचा निर्धार, सुरुंगांनी उडविलेले बुरूज आणि मे महिन्यात फिरंग्यांनी पत्करलेली शरणागती हे सांगताना आमचा आवाज आपोआप चढत असे. वसई आमच्याच पालघर जिल्ह्यात. तथापि कोटात पाऊल टाकण्याचा योग सेवानिवृत्तीनंतरच आला.

१७३९ नंतर, आणि १७८० साली इंग्रज सेनापती गॉडर्ड याने पुन्हा कोट घेतल्यावर, हे वैभवशाली शहर ओस पडत गेले. प्रार्थनामंदिरांच्या भिंती आज आभाळाखाली उघड्या उभ्या आहेत. त्यांतील एक मात्र नांदते आहे. मूळचे ते जेझुइट पंथाचे. आता संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. हे गोन्सालो जन्माने वसईचेच. १५९७ साली जपानात नागासाकी येथे त्यांस क्रुसावर मरण आले व १८६२ साली संतपद लाभले. मंदिराचे दर्शनी तोंड जुने, कोरीव खांबांचे. आत मात्र नवे छप्पर, साधी वेदी, विजेचे दिवे.

आमचे सोबती हळहळले, "मास्तर, पडके होते तेच बरे होते. इतिहास तरी दिसत होता!"

आम्ही म्हणालो, "आपल्या गावच्या देवळावर आपण पत्रे घालतो, गाभाऱ्यात फरशी बसवितो, आणि त्यास जीर्णोद्धार म्हणतो. जेथे अद्याप हात जोडले जातात, तेथे पाऊस गळू द्यावा काय?"

ते निरुत्तर झाले; आमच्या मनास मात्र स्वस्थता लाभेना. पुढच्या बाकावर एक वृद्ध बाई पुटपुटत होत्या, त्या शुद्ध मराठीत. हरलेले फिरंगी गलबतांत बसून निघून गेले. मोडके छप्पर वाट्यास आले ते या मराठी बोलणाऱ्या रयतेच्या. त्याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. वसईहून आणलेल्या घंटा मात्र आपल्या देवळांत वाजत आहेत. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येते.

ज्यांच्या घरी मुले तो पाठ घोकीत असतील, त्यांनी त्यांस अवश्य वसईस न्यावे. बुरूज दाखवावा, चिमाजीअप्पांस वंदन करवावे आणि मग त्या नव्या छपराखाली घटकाभर बसवावे. शरणागतीच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक दिलेली होती, हेही त्यांस सांगावे. जिंकणाराने दिलेले ते वचन पाळणे आता आपणांकडे आहे.