एक प्रकारची भाकरी

जुन्या भाषांविषयी वाचणे हा माझा निरुपद्रवी छंद. हिच्या मते उपद्रवी, कारण त्यापायी भाजी आणायची राहते. हल्ली माझा मुक्काम हित्ती लोकांत आहे. आजच्या तुर्कस्थानात, हत्तुशा येथे, साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्यांची राजधानी होती आणि मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवायची त्यांना भारी हौस.

१९१५ साली ह्रोझनी या चेक पंडिताने ही भाषा उलगडली, तीही एका भाकरीवरून! वाक्यात भाकरीचे सुमेरी चिन्ह ओळखीचे होते. भाकरी आली म्हणजे खाणे आलेच. आणि पुढचे 'वातर' हे पाणी असणार. अर्थ निघाला : तुम्ही भाकरी खाल, पाणी प्याल. आपले 'उदक' या 'वातर'चेच नातलग, हे कळल्यावर मी दिवसभर घरात 'वातर' मागत होतो. मिळाले नाही.

खरी पंचाईत एकदाच येणाऱ्या शब्दांची. देवाच्या नैवेद्याच्या यादीत असा एखादा शब्द येतो. त्याच्या आधी भाकरीचे चिन्ह असते, म्हणून जात कळते. पुढे सगळा अंधार. मग कोशकार गंभीरपणे लिहितात : 'एक प्रकारची भाकरी'. हे वाचून मी पोट धरून हसलो होतो.

परवा दिवाळीसाठी हिने आईची वही काढली. चकलीची भाजणी : तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडीद एक, 'आणि खिरमुट जरासे'.

"हे काय हो?" हिने विचारले.

मी सगळी वही धुंडाळली. शब्द एकदाच आलेला. ताई म्हणाली, ओवा असेल. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, तिचे शब्द तिलाच ठाऊक. तिलाच विचारायचंस की!"

विचारायचे होते खरे. हित्ती लेखनिक मला भेटणे शक्यच नव्हते. आई तर रोज समोर ताट वाढत होती. आणि मी ताटाशेजारी पुस्तक उघडून 'वातर'चा अर्थ शोधत होतो.

चकल्या झाल्या. चांगल्या झाल्या, पण आईच्या नव्हेत. रात्री वही मिटताना पाहिले, तर हिने समासात पेन्सिलीने लिहून ठेवले होते : 'खिरमुट — एक प्रकारचा जिन्नस'.

या खेपेस मी हसलो नाही.